हमीपत्र

निरीक्षकाने खोडावर हातोडी मारली. पोकळ आवाज आला. पलीकडून मारली, तिकडेही तसाच.

"मेलंय," तो म्हणाला.

"सात महिने मी दुसरं काय सांगतोय?" म्हातारा म्हणाला. भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे तर वर एक महिना झाला होता. झाड तोडायच्या परवानगीसाठी कचेरीचे हेलपाटे घालून चपला झिजल्या. गेल्या खेपेला हाच निरीक्षक रस्त्यावरूनच 'झाड हिरवे आहे' असा शेरा मारून गेला होता. हिरवी होती ती बायकोने चढवलेली वेल. आज सकाळी म्हाताऱ्याने ती मुळापासून ओढून काढली. काढताना एकदाही खिडकीकडे बघितलं नाही.

खिडकीच्या आत बायकोची खाट होती आणि झाड नेमकं तिकडेच कललेलं. वारा सुटला की म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. खाट हलवावी, तर ती आणि ऑक्सिजनचं यंत्र मावेल अशी दुसरी खोली नव्हती. डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नसत, आठवड्यांचं बोलत. त्यातला एक दिवसही झाडाने खाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

निरीक्षकाने अहवालावर सही केली आणि फायलीतून आणखी एक कागद काढला.

"हे हमीपत्र. एवढं भरून द्या, उद्या परवानगी घेऊन जा. झाडाच्या जागी नवं रोप लावायचं, आणि अर्जदाराने ते स्वतः पाच वर्षं सांभाळायचं. घर बाईंच्या नावावर आहे, तेव्हा सही त्यांची."

"माझी नाही चालणार?"

"नाही हो काका."

म्हातारा कागद हातात धरून उभा राहिला. "हे घेऊन मी तिच्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ?"

"अहो, आणा इकडे," खिडकीतून आवाज आला.

निरीक्षक उगाचच फायलीची दोरी बांधू लागला.

म्हातारा आत गेला. तिने चष्मा मागून घेतला, कागद पहिल्या ओळीपासून वाचला. मधे दोनदा दम खाल्ला.

"माझी वेल काढलीत. विचारलं नाहीत."

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. पेन द्या."

त्याने पेन पुढे केलं, पण सोडलं नाही. "पाच वर्षं लिहिलंय गं त्यात," तो म्हणाला.

"वाचलं मी." तिने त्याच्या बोटांतून पेन सोडवून घेतलं. "डॉक्टर आठवड्यांवर अडून बसलाय. इथे सरळ पाच वर्षं मिळतायत, त्यात तुम्ही कशाला मोडता घालता?"