नुसतं सुबक

सकाळपासून प्रणीत समोर बसला होता आणि वृंदाताईंनी एकही टाका घातला नव्हता. आठवडाभर खपून केलेलं भरतकाम छोट्या कात्रीने शांतपणे उसवत होत्या. म्हणे टेक्स्टाइल आर्टमधलं मोठं नाव. कॉलेजच्या सरांनी प्रेरणा घ्यायला पाठवलं ते हे पाहायला. उसवायचं काम तर त्याच्या गल्लीतला कपडे आल्टर करणारा शिंपीही करायचा, त्याला कुणी कलाकार म्हणत नव्हतं.

"चुकलं कुठे होतं, ताई?" त्याने जमेल तितक्या नम्रपणे विचारलं.

"चुकलं नव्हतं. नुसतं सुबक झालं होतं."

मोठ्या लोकांची नाटकं, प्रणीतच्या मनात आलं. त्याने पिशवीतून स्वतःचं भरतकाम काढून त्यांच्या मांडीवर पसरलं. तीन महिन्यांची मेहनत. सोमवारी ते कॉलेजच्या प्रदर्शनात दारासमोरच लागणार होतं. बघू देत, म्हणजे कळेल.

ताईंनी कापड उलटसुलट पाहिलं, टाक्यांवरून बोट फिरवलं.

"सुबक आहे," त्या मनापासून म्हणाल्या आणि पुन्हा उसवायला लागल्या.

प्रणीतने आपलं कापड उचलून जवळून पाहिलं. टाके खरंच एकसारखे होते, दुकानातल्या उशीच्या अभ्र्यावर असतात तसे.

"ताई," तो म्हणाला, "तुमचं झालं की ती कात्री द्याल?"