पांढरे दात

तोक्योहून परतलेल्या नवऱ्याने डोक्यावरची शेंडी कापून टाकली होती. "उद्यापासून तुझं काळं दातवण बंद. नव्या सरकारच्या कारकुनाच्या बायकोला काळे दात शोभत नाहीत." लग्न झालेल्या बाईच्या रीतीप्रमाणे दातांवर चढवलेलं काळं मी मिठाने घासघासून तीन दिवसांत उतरवलं. चौथ्या सकाळी आठ महिन्यांची चियो जागी झाली, मी हसून हात पुढे केले, तर ती किंचाळलीच. तिने आईचं हसू आजवर काळंच पाहिलं होतं. "दात विचकू नकोस गं, पोर भेदरलंय!" सासूबाईंनी तिला उचललं. त्या आपल्या काळ्याभोर दातांनी हसल्या, तशी चियो त्यांना बिलगली. "अहो, घरापुरतं थोडं लावू?" मी विचारलं. "होईल तिला सवय," नवरा म्हणाला. तोवर मी ओठ मिटून राहिले. चियो आता चार वर्षांची आहे. परवा शेजारणीला सांगत होती, "माझी आई ना, कधीच हसत नाही."