सोळा हातांचा पट्टा

"हा वास बाळंतिणीचा नाही, पोरी. लक्ष ठेव," असं सुईण तोक लिमाह पाचव्याच दिवशी म्हणाली होती. रोहानानं ते कानाआड केलं. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईनं हडळीच्या गोष्टी काय ऐकायच्या!

तिच्या सासूनं, मक वाननं, मात्र त्याच संध्याकाळी खिडकीखाली केतकीची काटेरी पानं रचली. "ओल्या रक्ताच्या वासावर येते ती. काट्यांत तिची लोंबती आतडी अडकली की परत फिरते." मलेशियातल्या क्लांतानच्या त्या गावात सगळेच असं करत.

वास काही जाईना. नासलेल्या मासळीसारखा, वर किंचित गोडसर. चुना-लिंबाचा लेप, घामानं चिकट झालेलं अंग, लेप फासणाऱ्या सुईणीची विड्यानं लाल झालेली बोटं, सगळ्याचीच रोहानाला किळस आली होती.

रोज सकाळी मक वान तिच्या पोटाला सोळा हात लांब पट्टा बांधायची. कमरेपासून बरगड्यांपर्यंत, गाठीवर गाठ.

"मक, श्वास तरी घेऊ द्या!"

"घे की. अर्धाच घे." मक वाननं गाठ ओढली. "याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणतात गं?"

"कन्स्ट्रिक्ट. दोरी आवळते तसं. कादंबऱ्यांत दुःखानं छाती आवळते, तिथंही हाच शब्द."

"आपोआप आवळते? मजा आहे त्यांची. आम्हाला हातानं आवळावी लागते."

दोघी हसल्या. तेवढ्यात बाळ रडलं. मक वाननं त्याला उचललं, पण छातीशी धरलं नाही. ताट धरावं तसं हात लांब करून रोहानाच्या मांडीवर ठेवलं. पहिला नातू, आणि ही धरायची रीत! रोहानानं हेही मनात टिपून ठेवलं.

विसाव्या दिवशी बाळाच्या गालावर पुरळ आलं. रोहानानं त्याचं दुपटं नाकाशी नेलं. तोच वास. मक वान नुकतीच त्याला निजवून गेली होती.

"तुझी आई अंघोळ तरी करते का रे?" ती नवऱ्यावर ओरडली. "पहाटे विहिरीवर कसली फडकी धुते, कुणाला दाखवत नाही. बाळाला काही झालं म्हणजे? आजपासून तिनं याला हात लावायचा नाही."

"हळू बोल, ऐकेल ती," आझ्मी पुटपुटला.

"ऐकू दे!"

"बरोबर आहे तिचं," स्वयंपाकघरातून मक वानचा आवाज आला. "आई आहे ती पोराची." मग नातवाकडं न बघता ती मागच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधायला कुणी आलं नाही. रोहानानं दहा वाजेपर्यंत वाट पाहिली. रुसायला काय लहान आहे का, असं म्हणत तिनं मागच्या खोलीचं दार ढकललं.

मक वान झंपर काढून उभी होती. तिच्या छातीभोवती तसलाच पट्टा होता, रोहानाच्यापेक्षा घट्ट, आणि एकेक वेढा ती सोडवत होती. शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता. ओढून काढला तेव्हा डाव्या स्तनाच्या जागी मुठीएवढी जखम होती, उघडी, झिरपणारी.

"आत येऊ नकोस," ती म्हणाली. "तुझे बाळंतपणाचे चव्वेचाळीस दिवस होऊ देत, मग जाते दवाखान्यात. मी गेले असते तर तुला कुणी बांधलं असतं?"

तुमच्या घरीही अशी एखादी असेल. हे वाचणं थांबवा आणि आधी तिला बघून या.