काकूंची परवानगी

लांबच्या प्रवासाची ती अवाढव्य मोटरसायकल माझ्या दुकानात आली, की टायरवरून काका-काकूंची जुंपायचीच. काकांना हवे असायचे जाड गट्ट्यांचे ऑफरोड टायर. काकू म्हणायच्या, "मागच्या सीटवर हाडं माझी खिळखिळी होतात! तसले टायर मी मेल्यावर बसवा." मग काका गपगुमान साधे रस्त्याचे टायर निवडायचे आणि हळूच मला डोळा मारायचे.

आज काका एकटेच आले आणि त्यांनी थेट गट्ट्यांच्या टायरवर हात ठेवला.

"मिळाली वाटतं एकदाची परवानगी!" जुना टायर रिमवरून उतरवत मी म्हणालो. काका हसले नाहीत. नव्या टायरच्या खाचांमधून नुसतं बोट फिरवत बसले.

दोन्ही चाकं बसवून झाली. हवेचा पाइप लावता लावता मी सवयीने विचारलं, "मागच्या चाकात नेहमीचीच ना, दोघांच्या वजनाची?"

 

"नको रे, थोडी कमी भर," काका म्हणाले. "एकट्यापुरतीच."