बसके पाटे

काचवाल्याच्या पिकअपच्या बॉनेटवर फरशीवाल्याने तळहात टेकवला. गार होतं. पहिली शंका त्याला तिथेच आली. गाडी देणारा माणूस आधी इंजीन तापवून ठेवतो, म्हणजे ते पहिल्या चावीला चालू होतं आणि घेणाऱ्याला काही कळत नाही. या बाबाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. वर पहिल्याच चावीला गाडी चालू करून दाखवली.

चार वर्षांची डिझेल पिकअप. देणार कशावर, तर फरशीवाल्याच्या एकोणीस वर्षांच्या खटाऱ्यावर. गाडीला गाडी, वर एक पैसा मागत नव्हता.

"अपघात?"

"नाही."

"पाण्यात बुडाली होती?"

"भाऊ, ती कधी धड धुतलीसुद्धा नाही."

"मग देताय कशाला?"

"मला तुमची चालते."

"का पण?"

"चालते, म्हणून."

फरशीवाल्याची बायको खटाऱ्यातच बसून होती. तिने खिडकीतून मान बाहेर काढली. "अहो, पायाखालचं कार्पेट उचला. चिखल असला तर तिथे असतो."

"बघितलं."

"मग हुंगा."

त्याने हुंगलं. नुसता काच बसवायच्या पुट्टीचा वास. मग तो गाडीखाली झोपला, कुठे तोडून जोडलंय का ते बोटाने चाचपलं. कागद उजेडात धरले. चेसिसचा नंबर दोनदा वाचून घेतला. खोट सापडेना, तसा त्याचा संशय आणखीच वाढला. एवढी चांगली गाडी कोण देतं?

आणि नाही म्हणायचीही सोय नव्हती. खटारा भरल्या फरशीनिशी चढावर दोनदा बंद पडला होता. गोदामवाल्याने तोंडावर सांगितलं होतं, तिसऱ्यांदा माल अडकला की तुझ्या खेपा दुसऱ्याला.

स्वतःच्या गाडीची खोट मात्र त्याने कालच झाकून टाकली होती. एकोणीस वर्षं दगड वाहून वाहून मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या त्या लोखंडी कमानी, पार सपाट झाले होते. गाडी मागून बसलेल्या म्हशीसारखी दिसायची. काल नवे पाटे टाकले आणि म्हैस ताठ उभी राहिली. बायको म्हणाली होती, "आता कोण म्हणेल हिचं वय झालंय!"

"एक चक्कर मारू," काचवाला म्हणाला.

दुकानातून त्याने दाराएवढी एक काच आणली, खटाऱ्याच्या हौद्यात लाकडी घोडीला टेकवून चिंध्यांनी बांधली. बायको उतरली. फरशीवाला शेजारी बसला. काचवाल्याने गाडी मुंगीच्या चालीने काढली आणि कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर चढवली.

मागून काच तडकल्याचा आवाज आला. टच. एवढासाच.

काचवाला उतरला. काचेकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. थेट मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. पाट्यांवरचा काळा रंग अजून चकचकत होता.

"हे कधी बदलले?"

"कालच." फरशीवाल्याने छाती फुगवली. "कंपनीचा माल आहे. पावती आहे घरी."

 काचवाला म्हणाला, "महिन्यापूर्वी त्या खोदलेल्या रस्त्यावर तुम्ही माझ्यापुढे होतात. हौद्यात पाण्याची बादली होती तुमची, काठोकाठ भरलेली. शेवटपर्यंत मागे मागे आलो. ओंजळभरसुद्धा सांडलं नाही."

"बरं मग?"

"माझ्या गाडीचे पाटे ताठ, महिन्याला पाच-सहा काचा फुटतात. चार पाटे काढून बघितले, तर बूड आपटायला लागलं. पाटे असे बसायला वर्षं जावी लागतात, भाऊ. चढाचं मला काही नाही. काच हलकी."

चढाचंही याला ठाऊक होतं तर.

"अहो, मग आधी बोलायचं ना!"

"बोललो असतो तर तुम्ही वर काहीतरी मागितलं असतंत."

 मागितलं असतं, हे खरंच होतं.

"जुने पाटे कुठायत?"

"भंगारात दिले."

"उद्या सकाळपर्यंत बसवून आणा. नाहीतर माझी मला बरी."

 परत जाताना भंगारवाल्याच्या दाराशी बायको म्हणाली, "आणि मला हुंगायला लावायचं सुचलं. देवा!"

पाटे होते. मोडक्या पंख्यांच्या ढिगाखाली, गंजलेले, सपाट, बेचक्यांत अजून दगडाची भुकटी. फरशीवाल्याने ते ओढून बाहेर काढले.

भंगारवाला खुर्चीतून बघत होता. "काल टाकलेस आणि आज नेतोस?"

"हो. बदल्यात माझ्या गाडीखालचे नवे काढून देतो तुला. कालच टाकलेत."

"नवे देणार? आणि हे नेणार?"

"हो."

"वर काही नको?"

"नको."

भंगारवाला खुर्चीतून उठला. त्याने पाना घेऊन एक पाटा ठोकून बघितला, आवाज ऐकला. नखाने गंज खरवडला. मग खाली वाकून चक्क हुंगला.

"का रे?"

खरं सांगून टाकावं, असं फरशीवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं की हा वर काहीतरी मागणार.

"मला हेच चालतात," तो म्हणाला.

भंगारवाल्याने त्याच्याकडे बघितलं, दारात उभ्या बायकोकडे बघितलं, आणि पाट्यांवर पाय ठेवला.