पालकांची सही

दातांवरच्या तारा निघून वर्षही झालं नव्हतं, तोच लेकीच्या पुढच्या दातांत पुन्हा फट पडली.

"दात सरकू नयेत म्हणून दिलेली रात्रीची प्लेट लावत नसणार," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"रोज लावते," ती म्हणाली.

मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला. रोज सकाळी ती उठायच्या आत जाऊन बघू लागलो. प्लेट तोंडात असायची. तरी वाटायचं, माझी चाहूल लागल्यावर घातली असेल.

फट वाढतच गेली, तेव्हा डॉक्टरांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं.

"बोलण्याचं काय शिकवणार? हिचं तोंड दिवसभर बंद नसतं," मी म्हणालो.

थेरपिस्टबाईंनी तिला पाण्याचा घोट दिला, ओठ हलकेच बाजूला धरले आणि गिळायला सांगितलं. जीभ दातांमधून बाहेर डोकावली.

"प्रत्येक वेळी गिळताना ही जीभ दातांना ढकलते. दिवसातून शेकडो वेळा. ती सवय मोडली नाही, तर प्लेट कितीही इमानदारीने लावली तरी दात सरकणारच."

लेकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जीभ टाळूला टेकवून गिळायचा व्यायाम मिळाला आणि सोबत महिन्याचा तक्ता. त्यात तीस चौकोन होते. व्यायाम झाला की त्या दिवशीच्या चौकोनात पालकांनी सही करायची.

घरी आल्यावर तिने तक्ता माझ्यापुढे ठेवला. मी पेन काढलं आणि तीसच्या तीस सह्या करून तो तिला परत दिला.

"बाबा, आज पहिलाच दिवस आहे."

"माहीत आहे."