कोरडं दार

“ज्या दारमा सडा नही, तठे थांबजो, कमल. हाक मारजो. ‘ओ’ ऊनी नही, ते दार लोटजो.”

महादेवाच्या पायरीवर बसून भागाबाई आपल्या माघारीसाठी हे बोलली होती, आणि कमलबाईनं बेलाच्या पानावर हात ठेवून हो म्हटलं होतं. शिंदखेड्याच्या त्या गल्लीत सात म्हातारी माणसं एकेकटी राहत. लेकरं सुरतला, नाशिकला. रात्री कडी लावायची नाही आणि उठल्यावर दारात सडा टाकायचा, हे भागाबाईनं सगळ्यांना बजावलेलं. पहाटे देवळाकडे जाता जाता ती एकेक दार पाहायची. ओलं दिसलं की माणूस आहे.

एका पहाटे तिचंच दार कोरडं होतं. ते कमलबाईनं लोटलं. आत भागाबाई थंड पडली होती. त्या दिवसापासून बंद दाराची तिला अशी धास्ती बसली, की तिनं देवळाची वाटच बदलली. महिना झाला. या महिन्यात एक सोमवार चुकला नाही, प्रदोष चुकला नाही. दिलेला शब्द तेवढा चुकला.

आज तिनं दार उघडलं तर उंबऱ्यासमोर शेणाचा सडा. ओला.

समोरची कामिनी बादली घेऊन उभी होती.

“मावशी, शेण कुठून पैदा केलं? माझ्या दारात नका हां टाकू, नव्या टाइल्स आहेत.”

“मी आत्ताच उठले गं.”

“मग तुमचा महादेव टाकून गेला असेल!” कामिनी हसली आणि आत गेली.

गल्लीत काँक्रीट झाल्यापासून सगळे साधं पाणी शिंपडत. शेण कालवणारी एकच होती.

कमलबाई पाण्याचा तांब्या घेऊन दोन पावलं पुढे गेली. लताबाईच्या दारात शेणाचा सडा. मोतीलाल आबांच्या दारात तसाच. एका अंगाला लांबट गेलेला, डावऱ्या हाताचा. भागाबाई डावरी होती.

गल्लीच्या टोकाला रतिलाल नानांचं घर. तिथलं काँक्रीट ठणठणीत कोरडं.

परत फिरावं, असं तिला फार वाटलं. पाय तर फिरलेही होते.

“नाना?” तिनं वळून हाक मारली.

काही नाही.

“ओ नाना!”

तिनं डोळे मिटले, शिवाचं नाव घेतलं आणि दार लोटलं.

नाना मोरीजवळ पडले होते. एक पाय अंगाखाली मुडपलेला, ओठ फुटलेले. पण डोळे उघडे होते, आणि ते हलले. कमलबाई खाली बसली. महादेवाला न्यायचं पाणी तिनं त्यांच्या तोंडात सोडलं. दोन घोट पोटात गेल्यावर नाना कुरकुरले,

“कितला उशीर कया वं!”

“कव्हयपाईन पडेल शेतस, नाना?”

“काल संध्याकायपाईन. पण भागाबाई बठेल व्हती ना उशाले. म्हने, घाबरू नका नाना, कमल वाटवरच शे, ई राहिनी.”

कमलबाईनं नानांच्या उशाशी पाहिलं. भागाबाईच्या तिरडीला नानांनी स्वतः खांदा दिला होता.

दुसऱ्या दिवशी नाना दवाखान्यात होते, मुलगा सुरतहून आला होता. कमलबाई पाच वाजता उठली. दार उघडून पाहते, तर आज उंबऱ्यासमोर काहीच नव्हतं.

ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि त्या कोरड्या दारापुढे उभी राहिली. मग कोणी ऐकू नये इतक्या हळू तिनं हाक मारली,

“कमल.”

घर गप्प होतं.

“ओ,” ती म्हणाली.

आदल्या दिवशी आणलेलं शेण तिनं बादलीत कालवलं, दारात सडा टाकला, हात धुतले, आणि तांब्या उचलून पहिल्या दाराकडे निघाली.